घर गेलं, खिळे राहिले: नाहीशा झालेल्या शेतघराच्या जागी मेटल डिटेक्टर कसा चालवायचा

मॅसॅच्युसेट्सच्या मध्यभागातल्या टेकड्यांत, एका गवताळ उतारावर, जमिनीखाली पाच इंचांवर मला पितळेची एक गोळी सापडली. छोट्या लिंबाएवढी, एका बाजूने पोकळ, आत फिरकीचे आटे. बोटाने माती सारली आणि ती काय आहे हे कुणाला विचारायची गरज उरली नाही. बैलाच्या शिंगाची शेंबी. आमच्याकडे साताऱ्याला बेंदराला शिंगं घासून, हिंगूळ लावून शेंब्या चढवतात. इथल्या शेतकऱ्याने ती बैलाच्या शिंगाने कुणाला इजा होऊ नये म्हणून बसवली होती. तिथून पन्नास पावलांवर त्याचं घर होतं. आज तिथे भिंत नाही, छप्पर नाही, आणि आताच्या नकाशात त्या जागी नुसता हिरवा रंग आहे.

न्यू इंग्लंडमध्ये अशा जागा रग्गड आहेत. एकोणिसाव्या शतकात इथली अर्ध्याहून जास्त जमीन झाडं तोडून शेती-कुरणाखाली आणलेली होती. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी इथे ऐन उन्हाळ्यात थंडीने पिकं गेली. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि पश्चिमेकडच्या सपाट, सुपीक जमिनीचं धान्य स्वस्तात पूर्वेला येऊ लागलं. दगडगोट्यांच्या जमिनीत राबणाऱ्यांनी एकेक करून घरं सोडली. काही पश्चिमेला गेले, काही गिरणीत. कुरणांवर पुन्हा जंगल चढलं. आपल्याकडे महसुली दप्तरात ज्या गावात दिवा लागत नाही त्याला बेचिराख म्हणतात. इथे तशी बेचिराख घरं जंगलाच्या पोटात आहेत.

नवीन माणूस यंत्र घेतो, लोखंडाचा आवाज बंद करून टाकतो आणि नाण्याच्या मागे लागतो. माझं सांगणं याच्या बरोबर उलट आहे. आधी घर शोधा. घराचा पत्ता लोखंड सांगतं, आणि घर कळलं की नाणी कुठे पडली असतील ते कळायला लागतं.

आधी कायदा, मग परवानगी

अमेरिकेत खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डिटेक्टर चालवता येतो. राष्ट्रीय उद्यानांत मात्र तो वापरायला बंदी आहे. १९७९ च्या पुरातत्त्व संपदा संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकारच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. राज्यांच्या आणि गावांच्या जमिनीचे नियम जागोजागी वेगळे, म्हणून त्या त्या कार्यालयात विचारूनच पाऊल टाका. मॅसॅच्युसेट्समधल्याच क्वाबिन जलाशयासाठी १९३८ मध्ये डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायमची उठवली. तिथल्या घरांचे खड्डे पाहून हात शिवशिवतात, पण ती राज्याची राखीव जमीन आहे. तिथे नुसतं चालायला जा, यंत्र घरी ठेवा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा लेख वाचून गावाकडच्या पांढरीवर किंवा पडक्या वाड्यात यंत्र घेऊन जाऊ नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, न कळवणं गुन्हा आहे. १९५८ आणि १९७२ चे पुरातत्त्वविषयक कायदे त्याच्यावर आहेत. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपल्या पांढरीत दोन-दोन हजार वर्षांचे थर एकावर एक असू शकतात. तिथे हौशी खुरप्याने जे मोडेल ते परत जोडता येणार नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी १९९६ चा ट्रेझर कायदा आधी वाचून घ्यावा, तिथली नोंदणीची पद्धत वेगळी आहे आणि चांगली आहे.

परवानगी मागायला यंत्र हातात घेऊन जाऊ नका. अनोळखी माणूस हेडफोन लावून दारात उभा राहिला की कुणीही बिचकतं. मी आधी एक साधं पत्र टाकतो: मी कोण, कुठे राहतो, तुमच्या जमिनीवर जुन्या नकाशात एक घर दिसतं, त्याचा शोध घ्यायची इच्छा आहे. सोबत त्या नकाशाची प्रत. आठवड्याने शनिवारी दुपारी जातो. बहुतेक वेळा बोलणं नकाशावरून सुरू होतं, कारण आपल्या मागच्या कुरणात कधीकाळी घर होतं हे मालकालाही नवीन असतं. मिळालेल्या वस्तूंचं काय करायचं हे त्याच दिवशी ठरवा आणि एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. माझा शिरस्ता असा की प्रत्येक वस्तू आधी मालकाला दाखवायची, त्याला हवी ती त्याची. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गुरं असलेल्या शेतावर यापेक्षा महत्त्वाचा नियम नाही.

घरी बसून शोध

अर्धं काम इथेच होतं, आणि हिवाळा त्यासाठीच असतो. जमीन गोठलेली असते, खुरपं शिरत नाही.

अमेरिकी भूसर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘टोपोव्ह्यू’ या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. १८८० नंतरच्या पत्रकांवर प्रत्येक घर म्हणजे एक छोटा काळा चौकोन. त्याच भागाचा आजचा नकाशा शेजारी ठेवा आणि जो चौकोन गायब झाला आहे त्यावर बोट ठेवा. मग त्याच्याही मागे जा. एफ. डब्ल्यू. बीअर्स याने १८७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी परगण्यांचे नकाशासंग्रह काढले; वुस्टर परगण्याचा १८७० चा आहे. त्यात घराशेजारी घरमालकाचं नाव छापलेलं असतं. हेन्री वॉलिंगचे नकाशे १८५० च्या दशकातले. एखादं घर वॉलिंगकडे आहे, बीअर्सकडे नाही, तर त्या दहा-पंधरा वर्षांत ते उठलं. माझ्या दृष्टीने अशी जागा सगळ्यात मोलाची, कारण नंतरच्या काळातला कचरा तिथे पडलेला नसतो.

नाव मिळालं की परगण्याच्या दस्तनोंदणी कार्यालयातली खरेदीखतं बघता येतात. तिथली जुनी भाषा आपल्या खरेदीखतातल्या चतु:सीमेसारखीच: अमक्याच्या दगडी भिंतीपासून तमक्या ओकच्या झाडापर्यंत. १८५० ते १८८० च्या जनगणनेत शेतीचं वेगळं पत्रक भरलेलं आहे. त्यात कुणाकडे किती बैल, किती लोणी, किती बटाटे हे लिहिलेलं सापडतं. शेंबी सापडली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही ते त्यामुळेच. त्या माणसाच्या नावापुढे कामाचे दोन बैल मी आधीच वाचले होते.

आणखी एक साधन म्हणजे लायडार. विमानातून लेसर सोडून केलेली ही मोजणी झाडांची पानं वजा करून खालच्या जमिनीचा उंचसखलपणा दाखवते. जंगलातल्या दगडी भिंती त्यात धाग्यासारख्या दिसतात आणि तळघराचा खड्डा बारीक चौकोनी खळगीसारखा. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये या पद्धतीने दक्षिण न्यू इंग्लंडमधल्या हरवलेल्या भिंती आणि घरांचे अवशेष कसे ओळखता येतात ते दाखवलं. सरकारी संकेतस्थळांवर ही छायाचित्रं कुणालाही बघता येतात. जुना नकाशा शंभर-दीडशे फुटांनी सहज चुकतो. लायडारने ती चूक दुरुस्त करता येते.

यंत्र नेण्याआधी एक फेरी नुसत्या डोळ्यांनी

एप्रिल-मे हा त्याचा काळ. बर्फ गेलेलं असतं, पानं पुरती फुटलेली नसतात. जंगलात मध्येच पिवळ्या डॅफोडिलचा पट्टा दिसला तर थांबा. कुणीतरी ते कंद हाताने लावले होते. मेच्या मध्याला लायलॅक फुलतो. घराच्या दाराशी लावलेलं हे झुडूप घरापेक्षा जास्त जगतं आणि कित्येक ठिकाणी दोन लायलॅकच्या मधली मोकळी जागा म्हणजे जुना उंबरठा. पेरिविंकलची काळपट हिरवी वेल जमिनीवर पसरलेली असेल, म्हातारी सफरचंदाची झाडं ओळीत असतील, रस्त्याच्या कडेला बाकीच्या झाडांपेक्षा दुप्पट जाडीचे मेपल असतील, तर घर जवळ आहे. गावाकडे ओसाड जागी तुळशीवृंदावनाचा चौथरा किंवा परसातली शेवग्याची रांग बघून आपण जसं ओळखतो तसंच.

मग तळघराचा खड्डा. दगड रचून बांधलेला, पंधरा-वीस फुटांचा, आत पानं साचलेली आणि बहुधा मधूनच एखादं बर्चचं झाड उगवलेलं. खड्ड्याच्या मध्यभागी दगडांचा मोठा ढीग असेल तर तो मधल्या धुराड्याचा पाया, आणि अशी घरं बहुधा अठराव्या शतकातली. खड्ड्यातले दगड हलवू नका. पण शेजारचं मोकळं शेत नांगरलेलं असेल तर खड्डा बुजवून टाकलेला असतो आणि वर काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे जमिनीवरचे तुकडे वाचा: विटेचे कण, तांबड्या खापऱ्या, निळ्या काठाच्या बशीचा तुकडा, तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या पाइपची बारीक नळी.

या फेरीत काठी हातात असू द्या आणि ती आपटत चाला. कारण आड. जुन्या घराचा आड बऱ्याचदा फळ्या टाकून झाकलेला असतो. फळ्या कुजतात, वर पानं आणि शेवाळ चढतं, आणि खाली वीस-तीस फूट पोकळी. मी एकटा कधीच जात नाही ते याच कारणाने. आड सापडला की चारी बाजूंनी रंगीत फीत बांधा आणि मालकाला लगेच सांगा.

बाकीची काळजी थोडक्यात. गोचिड्यांपासून लाइमचा आजार होतो, म्हणून विजार मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा, कपडे गरम ड्रायरमध्ये टाका. पॉयझन आयव्ही या खाजऱ्या वेलीला तीन-तीन पानं असतात हे सगळे सांगतात. पण वसंतात पानं नसतानाही तिची मुळं अंगावर फोड आणतात, म्हणून खणताना हातमोजे घाला. शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट. शेतघराजवळ छोटं कौटुंबिक दफनस्थान असण्याची शक्यता असते: चार-पाच पातळ दगड, भोवती भिंत. तिथे आणि त्याच्या आसपास यंत्र चालवू नका. खणताना माणसाचं हाड वाटावं असं काही दिसलं तर हात थांबवा, तसंच ठेवा, पोलिसांना कळवा.

यंत्राबद्दल जेवढं लागतं तेवढंच

कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या चकतीतून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत प्रवाह उठतो, त्या प्रवाहाचं क्षेत्र परत कॉइलला लागतं. ते किती उशिराने परततं त्यावरून यंत्र धातूला एक आकडा आणि एक सूर देतं. लोखंडाचा सूर खाली, तांबं आणि चांदीचा वर. मधल्या पट्ट्यात सगळा गोंधळ: निकेलचं नाणं, सोन्याची अंगठी आणि बिअरच्या डब्याची ओढपट्टी यांचे आकडे जवळजवळ सारखे.

गॅरेट, नोक्ता, माइनलॅब, एक्सपी यांपैकी कुठल्याही कंपनीचं साधं यंत्र शिकायला पुरतं. माझा आग्रह महागड्या यंत्राचा नाही, दोन गोष्टींचा आहे. एक, लहान कॉइल, सहा इंचांच्या आसपासची. खिळ्यांच्या गर्दीत मोठी कॉइल एका वेळी चार खिळे बघते आणि मधलं नाणं झाकून जातं. दुसरी, पिनपॉइंटर. हा गाजराएवढा हातातला शोधक खड्ड्यात नेमकी जागा दाखवतो. तो नसेल तर दुप्पट खणाल आणि खुरप्याचा ओरखडा नेमका नाण्यावर बसेल. याशिवाय दातेरी धारेचं मजबूत खुरपं, हेडफोन, जुनं फडकं, छोट्या पिशव्या, पेन्सिल.

जागेवर पोहोचल्यावर ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज यंत्राने गाळावा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवण्याचा मोह आवरा. खिळ्यांच्या जागी ती कमीच बरी. यंत्र ठराविक ठेक्यात टिकटिकत असेल तर ते बिघडलेलं नाही. जवळच्या विजेच्या कुंपणाचा तो परिणाम. मालकाला तासभर कुंपण बंद करता येईल का विचारा.

लोखंड ऐकत घराचा आराखडा काढा

आता खरं काम. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय, शून्यावर आणा. लोखंडाचा घोगरा सूर चालू राहू दे. दहा-दहा फुटांवर दोऱ्या ताणा आणि सरळ रेषेत चालत जा. काही खणू नका. हातात कागद, आणि प्रत्येक चौकोनात लोखंडाचे किती आवाज आले एवढंच लिहायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला हे काम कंटाळवाणं वाटलं होतं. चाळीस चौकोन भरून झाल्यावर कागदाकडे पाहिलं आणि कंटाळा गेला. कडेच्या चौकोनांत दोन, तीन, शून्य, एक. मध्ये एकदम तीस, चाळीस, ‘मोजता येत नाही’. त्या दाट पट्ट्याला चक्क कोपरे होते. लाकडी घर पडलं, कुजलं किंवा जळलं की लाकूड जातं आणि खिळे जिथल्या तिथे राहतात. एका घराला हजारो खिळे लागतात. ते खिळे म्हणजे आपल्याकडचं जोतं समजा. नांगराने ते थोडे पसरतात, तरी गाभा तिथेच राहतो.

घराच्या गाभ्यापासून थोड्या अंतरावर दुसरा, विरळ पट्टा सापडेल. तिथले आवाज मोठे आणि जड असतात: साखळ्या, कड्या, फाळाचे तुकडे. तो गोठा. तिथे दोन-तीन सिग्नल मुद्दाम खणा. बैलाचा नाल मिळाला तर तो दोन पाकळ्यांत असतो, खूर दुभंगलेला म्हणून. आपल्या पत्रीवाल्याने मारलेल्या पत्रीसारखाच. घराच्या मागे उताराला, दगडी भिंतीपलीकडे तिसरा ढीग असतो. तो उकिरडा.

आता खिळे बघा. चौकोनी, डोक्यावर हातोड्याच्या चार-पाच ठोक्यांचे पैलू असलेला खिळा लोहाराने हाताने घडवलेला, सर्वसाधारणपणे १८०० च्या आधीचा. पत्र्यातून यंत्राने कापलेला चपटा खिळा त्यानंतरच्या जवळपास शतकभराचा. गोल तारेचा खिळा १८९० च्या पुढे सर्रास. तिन्ही प्रकार मिळाले तर घर शंभर वर्षं दुरुस्त होत राहिलं. एकही गोल खिळा नसेल तर ते आधीच मोकळं झालं. दहा खिळे पिशवीत घालून, कुठल्या चौकोनातले ते लिहून घरी न्या. त्यांची किंमत शून्य असली तरी साल सांगायला नाण्याखालोखाल तेच उपयोगी पडतात.

नाणी कुठे पडतात

आराखडा हातात आला की घरातल्या माणसांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दारातून आडाकडे किती वेळा जाणं-येणं व्हायचं? आडाकडून गोठ्याकडे? कपडे कुठे वाळत घालत? खिशातली चिल्लर दोरीवरच्या कपड्यांतून पडते. मोठ्या झाडाच्या सावलीत दुपारी माणसं बसत, लोळत. दगडी भिंतीवर बसून डबा खात. समोरच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट पाहुण्यांची, मागची वाट घरच्यांची, आणि माझ्या अनुभवात मागच्या वाटेवर जास्त मिळतं. दारापासून दहा-पंधरा फुटांतली जमीन सगळ्यात आधी, सगळ्यात हळू.

हळू म्हणजे खरंच हळू. कॉइल जमिनीला समांतर, गवताला घासत, प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढलेला. खिळ्यांच्या गाभ्यात दहा फूट चौकोनाला मला एक तास लागतो. तिथे नाण्याचा आवाज स्वच्छ येतच नाही. घोगऱ्या आवाजांच्या मध्ये एक बारीक, उंच चिवचिव येते, तुटक, एकाच बाजूने. ती ऐकली की जागेवर थांबा आणि नव्वद अंशांत फिरून पुन्हा झोका द्या. दोन्ही बाजूंनी उंच सूर आला तर खणा. एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने घोगरा आला तर बहुतेक वाकलेला मोठा खिळा फसवतो आहे. तरी सुरुवातीचे पन्नास असे संशयी सिग्नल खणाच. कान तयार व्हायला दुसरा उपाय नाही.

पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जा. ओल्या जमिनीत सिग्नल खोलवरून येतो आणि ढेप सुटत नाही. मक्याचं शेत कापणीनंतर, गवताचं शेत कापणी झाल्या झाल्या. नाण्याएवढ्या वस्तूसाठी सहा ते आठ इंच ही रोजची खोली. त्याखालचं बोलणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

खणणं आणि बुजवणं

गवताच्या जमिनीत सरळ भोक पाडू नका. सिग्नलच्या मध्यापासून चार बोटं लांब, तीन बाजूंनी उभा काप घ्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा. झाकण उलटवा. शेजारी फडकं अंथरा आणि सुटी माती त्यावरच टाका. आधी झाकणाच्या मातीत पिनपॉइंटर फिरवा. वस्तू तिथेच अडकलेली असायची शक्यता मोठी. वस्तू दिसली की खुरपं ठेवा, बोटं वापरा. काढल्यावर खड्ड्यात पुन्हा एकदा यंत्र फिरवा, कारण एका नाण्याखाली दुसरं असू शकतं. मग फडक्यावरची माती सगळी आत, झाकण वर, पायाने दाबून, उन्हाळा असेल तर बाटलीतलं थोडं पाणी. उघडा खड्डा म्हणजे गाईच्या पायाला इजा. सापडलेला कचराही घरी न्या: डबे, काडतुसांची बुडं, शिशाचे तुकडे. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

हातात आलं ते काय आहे

सगळ्यात जास्त मिळतात ती बटणं. चपटी, एका तुकड्याची, मागे तारेचं कडं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३०-४० पर्यंतची. काहींच्या पाठीवर सोनमुलाम्याची जाहिरात करणारे शब्द गोलाकार छापलेले असतात आणि कडेला खरंच पिवळी चमक शिल्लक असते. नंतर येतात बुटांचे बक्कल, शिवताना बोटात घालायची टोपणं, घोड्याच्या साजाचे तुकडे, घुंगरं, कथलाच्या मिश्रधातूच्या चमच्यांचे दांडे, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, तोंडाने वाजवायच्या बाजाच्या पितळी पट्ट्या.

नाण्यांत मोठा सेंट ओळखायला सोपा: १७९३ ते १८५७, निव्वळ तांब्याचा, आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा किंचित लहान. त्याही आधीचे कनेक्टिकट राज्याचे तांब्याचे पैसे १७८५ ते १७८८ चे आणि इंग्लंडच्या जॉर्ज राजांचे अर्धे पेन्स. लोकांना नवल वाटतं ते स्पॅनिश रियालचं. मेक्सिकोत पाडलेलं हे चांदीचं नाणं अमेरिकेत कायदेशीर चलन होतं, थेट १८५७ पर्यंत. त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या एकाच कायद्याने परकी नाणी, अर्धा सेंट आणि मोठा सेंट तिन्ही थांबली. १८५९ पासून इंडियन हेड सेंट आला, १९०९ ला लिंकनचा. दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत १९६४ पर्यंत नव्वद टक्के चांदी होती.

यावरून घराचं वय काढता येतं. एका जागी मला चार मोठे सेंट आणि अर्ध्या रियालचा झिजून गेलेला तुकडा मिळाला, इंडियन हेड एकही नाही. खिळे सगळे कापलेले, गोल एकही नाही. बीअर्सच्या १८७० च्या नकाशात घर नव्हतंच. तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा ते घर १८६० च्या आगेमागे ओसाड झालं असं मी लिहू शकलो, आणि मालकाच्या मुलीने ते शाळेच्या प्रकल्पात वापरलं.

स्वच्छता: हात आवरा

माझा पहिला मोठा सेंट मी स्वतः बिघडवला. मातीतून निघाल्याबरोबर अंगठ्याने चोळला. हिरव्या खपलीखाली साल स्पष्ट दिसत होतं, पहिले तीन आकडे वाचलेही: एक, सात, नऊ. अजून नीट दिसावं म्हणून पुन्हा चोळला आणि चारही आकडे खपलीबरोबर निघून गेले. इथली माती आम्ल आहे, खतांच्या शेतात तर जास्तच. तांबं इतकं सडतं की नक्षी धातूत उरतच नाही, वरच्या खपलीत असते. तेव्हापासून तांब्याचं नाणं मी मातीसकट डबीत ठेवतो, सावलीत चार दिवस वाळू देतो आणि भिंगाखाली लाकडी टूथपिकने कण कण सोडवतो. पाणी नाही, चिंच-लिंबू नाही, पितांबरी तर मुळीच नाही. देवघरातली तांब्याची भांडी घासायची सवय इथे विसरायची.

चांदी सोशिक असते. वाहत्या पाण्याखाली धरा, माती आपोआप सुटते, मऊ कापडावर ठेवून टिपा. घासू नका, वाळूचा एक कण पुरे.

लोखंडी वस्तू, समजा बैलाचा नाल, राखायचा असेल तर विजेचा उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा. वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला, दोन्ही एकमेकांना न चिकटता. स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. एक-दोन दिवसांत गंज भुसभुशीत होतो, ब्रशने निघतो. लगेच धुवा, ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडं करा आणि गरम असतानाच मेण लावा.

वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक, तारीख, चौकोन, खोली इंचांत, आणि शेजारी काय होतं. फोनच्या जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका, झाडीत तो वीस-तीस फुटांनी सरकतो. लायलॅक, खड्ड्याचा कोपरा, भिंतीचं टोक अशा न हलणाऱ्या दोन खुणांपासून फीत लावून मोजा. वस्तू खणून काढली की ती कुठे होती ही माहिती जगात फक्त तुमच्या वहीत उरते. हंगाम संपला की आराखड्याची एक स्वच्छ प्रत मालकाला आणि एक गावच्या इतिहास मंडळाला द्या, मंडळ असेल तर.

शेंबीची नोंद मी अशी केली होती: गोठ्याच्या आग्नेय कोपऱ्यापासून १४ फूट, आडाच्या दगडापासून ३१ फूट, खोली ५ इंच, शेजारी साखळीची एक कडी. मे महिन्यात परत गेलो तेव्हा गवत गुडघाभर वाढलेलं होतं, दोऱ्यांच्या खुंट्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या. फीत लावली, जागा सापडली, आणि तिथून बाहेरच्या दिशेने वर्तुळं घेत गेलो. अकरा फुटांवर तोच आकडा, तोच सूर. दुसरी शेंबी. आता दोन्ही मालकाच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत.